आयसीयू सोडून शाळेत नर्स? घरात दोन लहान मुलं, सल्ला हवा आहे

रातराणी_७ | ९ मार्च, दुपारी ३:१०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा). पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलमध्ये ९ वर्षं झाली, त्यातली शेवटची ६ आयसीयूत. मुलगी ६ वर्षांची, मुलगा साडेतीनचा. नवरा चाकणला कंपनीत, त्याच्याही शिफ्ट आठवड्याला बदलतात. आतापर्यंत सासूबाई होत्या म्हणून निभावलं. पण सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोघं गावी आहेत. मला महिन्याला ७-८ नाईट असतात. फ्रिजवर एक वेळापत्रक लावलंय. हिरव्या शाईत माझ्या ड्यूट्या, निळ्या शाईत त्याच्या, आणि जिथे दोन्ही रंग एका चौकोनात येतात तिथे शेजारच्या काकूंचं नाव. गेल्या महिन्यात काकूंचं नाव ११ वेळा आलं. त्या एका शब्दाने बोलत नाहीत, पण आता मलाच त्यांची बेल वाजवायची लाज वाटते.

घराजवळच्या एका सीबीएसई शाळेत नर्स हवीय. वेळ सकाळी साडेसात ते साडेतीन, दुसरा-चौथा शनिवार सुट्टी. पगार २४ हजार. आत्ता नाईट अलाउन्स धरून हातात ३७ येतात. एका मुलाच्या फीत निम्मी सवलत देतो म्हणाले.

इनचार्ज सिस्टरांना सहज बोलले, तर म्हणाल्या, "व्हेंटिलेटर सांभाळणारी पोरगी, आता गुडघ्याला पट्ट्या बांधायला जाणार का गं?" तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. तिथे गेले तर हाताची सवय जाईल का? ५ वर्षांनी परत यायचं म्हटलं तर कोणी उभं करेल का? शाळेत काम केलेल्या कोणी सिस्टर इथे असतील तर खरं खरं सांगा.

---

हिशोबी | ९ मार्च, दुपारी ४:०२

पैशाचं आधी उरकून घेऊ. फरक १३ हजारांचा. मुलीची फी किती? समजा ९० हजार असेल तर निम्मी म्हणजे महिना ३,७५० वाचले. ती तुमच्याबरोबरच जाईल, म्हणजे व्हॅनचे १,८०० वगैरे वाचले. खरा फरक साडेसात हजारांच्या आसपास. तो परवडतो का, एवढंच बघायचं.

आता शाळेला विचारायचे प्रश्न. पगार १२ महिन्यांचा की १०? बऱ्याच ठिकाणी मे महिन्यात 'ब्रेक' देतात. पीएफ कापणार का? नेमणूक कायम की ११ महिन्यांचा करार? धाकटा शाळेत आला की त्यालाही सवलत का? हे सगळं ऑफर लेटरमध्ये हवं. तोंडी आश्वासन जून उजाडला की विरतं.

आणि ९ वर्षं एकाच ठिकाणी म्हणजे ग्रॅच्युइटी घ्या बरं का. मूळ पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. मूळ पगार १६ हजार असेल तर ८३ हजार होतात. मागितल्याशिवाय कोणी आठवण करून देत नाही.

---

कडूलिंब | ९ मार्च, रात्री १०:४५

राणीताई, मी ६ वर्षं नाशिकला शाळेत नर्स होते. त्याआधी बालरोग वॉर्डात. मोठं लिहितेय, सावकाश वाच.

पट्ट्या बांधायच्या असतात हे खरंच आहे. पहिल्या तासाला 'पोट दुखतंय', मधल्या सुट्टीत गुडघे-कोपरं, पी.टी.नंतर चक्कर, शेवटच्या तासाला ताप. दिवसाला ३०-४० मुलं. सोमवारी जास्त, गणिताची चाचणी असेल तर आणखी जास्त. ४० आली तर त्यातल्या ३५ मुलांना पाणी, ५ मिनिटं आडवं होणं आणि 'बाळा, डबा खाल्लास का?' एवढंच लागतं. उरलेल्यांसाठी तू तिथे असतेस. आणि ती उरलेली कोण, हे ओळखायला ना डॉक्टर, ना मॉनिटर, ना शेजारच्या बेडवरची सिस्टर. आयसीयूत तू कधीच एकटी नसतेस, हे तिथून बाहेर पडल्यावर कळतं. तिथे घंटी दाबली की चार माणसं धावतात. शाळेत घंटी वाजली की मुलं धावतात, डब्याकडे.

एक प्रसंग सांगते. चौथीतला मुलगा, मित्राच्या डब्यातली शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. बाईंनी 'अंगावर पित्त उठलंय' म्हणून पाठवला. माझ्यासमोर बसेपर्यंत ओठ सुजले, आवाज बसला, खोकला सुरू. अशा जिवावरच्या अ‍ॅलर्जीसाठी परदेशात इंजेक्शनचं तयार पेन मिळतं तसं आपल्याकडे सहज मिळत नाही. माझ्याकडे अ‍ॅड्रिनलिनचं अँप्यूल, सिरिंज आणि शाळेच्या डॉक्टरांनी सही करून दिलेला लेखी आदेश होता. किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. पण ह्याचं वजन किती? तो काही बोलायच्या स्थितीत नव्हता. जूनच्या तपासणीतली वर्गवार वजनांची यादी मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती, त्यात नाव सापडलं: २६ किलो. एका मिलीत एक मिलिग्रॅम, म्हणजे पाव मिलीच्या जरासं वर. अँब्युलन्स २० मिनिटांनी आली. तोपर्यंत तो रडायला लागला होता, आणि मूल मोठ्याने रडतंय ह्याचा इतका आनंद मला लेबर रूमनंतर पहिल्यांदाच झाला.

तेव्हा हाताची सवय जाते, हो. व्हेंटिलेटर विसरशील. पण नजर बोथट होत नाही, उलट धार लागते.

आता वाईट बाजू. नर्स 'रिकामी' बसलेली दिसते, हे शाळेला सहन होत नाही. मला ॲडमिशनच्या काउंटरवर बसवलं, बसवर पाठवलं, स्नेहसंमेलनात मुलींच्या वेण्या घालायला लावल्या. वेण्या घातल्या, मला आवडतात. पण बसवर गेले त्या दिवशी मागे एका मुलाचा दात पडला आणि मेडिकल रूमला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना लेखी दिलं की शाळेच्या वेळात मी खोली सोडणार नाही. तेव्हापासून मी 'ताठ आहे' अशी ख्याती झाली. होऊ दे.

---

पाटीपेन्सिल | १० मार्च, सकाळी ७:०५

मी शिक्षिका. कडूलिंबताईंना +१. आमच्याकडे नर्स नव्हती तेव्हा नाकातून रक्त आलं की प्रत्येक जण मुलाची मान मागे करायचा आणि रक्त पोटात जाऊन ते ओकायचं. नंतर आलेल्या सिस्टरनी सगळ्या स्टाफला एकदा उभं करून शिकवलं: मान पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत, १० मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही. इतकी साधी गोष्ट, आणि माझ्या १४ वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितली नव्हती.

एक सावधगिरीची सूचना. स्वतःचं मूल त्याच शाळेत असलं की ते दर मधल्या सुट्टीत येणार. आमच्या सिस्टरांची मुलगी पहिले दोन महिने रोज 'आजारी' होती.

---

स्पष्टच_बोलतो | १० मार्च, सकाळी ११:२०

धाग्यात एक गोष्ट कोणी विचारली नाही. नवऱ्याच्याही शिफ्ट आहेत, तर नोकरी बदलायचा विचार फक्त बाईनेच का करायचा? त्यांनी जनरल शिफ्ट मागितली का? १३ हजारांचा खड्डा, ६ वर्षांचा आयसीयूचा अनुभव पाण्यात, आणि वर 'मुलांसाठी केलं' हे समाधान. १० वर्षांनी हेच समाधान टोचतं. माझ्या आईचं बघितलंय.

---

रातराणी_७ | १० मार्च, दुपारी २:५०

@स्पष्टच_बोलतो, तुमचा मुद्दा मला लागला, पण रास्त आहे. त्याने मागितली होती जनरल शिफ्ट. लाइन सुपरवायझरला जनरल शिफ्ट नसते असं उत्तर मिळालं. वर्षभराने क्वालिटीत जागा होईल म्हणतात, बघू.

आणि फक्त मुलांसाठी नाहीये हे. नाईट करून आल्यावर मुलीला शाळेत सोडते, परत येते, धाकट्याला अंगणात खेळायला सोडून पायरीवर बसते. गेल्या आठवड्यात बसल्या बसल्या डोळा लागला आणि जाग आली तेव्हा तो गेटबाहेर होता. रस्त्यावर नव्हता, गेटबाहेरच्या वाळूत होता. त्या दिवशी मी शाळेचा नंबर फिरवला.

@कडूलिंब, चिक्कीचा प्रसंग दोनदा वाचला. लेखी आदेशाबद्दल जरा सविस्तर सांगाल का? हॉस्पिटलमध्ये डॉक्टर ऑर्डर लिहितात आणि आम्ही देतो. शाळेत पॅरासिटामॉल तरी आपल्या मनाने देता येतं का?

---

थेम्सकाठी | १० मार्च, संध्याकाळी ६:३०

इकडचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये स्कूल नर्स म्हणजे मेडिकल रूममध्ये बसलेली बाई नव्हे. तिच्याकडे बऱ्याच शाळा असतात. मुलांची सुरक्षितता, अंथरूण ओलं करणं, खाण्याच्या तक्रारी, किशोरवयातल्या मुलांचं मन, घरी काही बरंवाईट घडतंय का, ह्यावर भर. रिसेप्शन (शाळेचं पहिलं वर्ष) आणि इयर सिक्सच्या (प्राथमिकचं शेवटचं वर्ष) मुलांची उंची-वजनं देशभर घेतली जातात. त्या पदासाठी नेहमीच्या नोंदणीवर पब्लिक हेल्थ नर्सिंगची वेगळी पात्रता घ्यावी लागते. गुडघ्याची पट्टी तिथे ऑफिसमधली प्रथमोपचार शिकलेली कर्मचारी बांधते.

लहान मुलांच्या आयांना आवडतो तो 'टर्म टाइम' करार. शाळा चालू तेव्हाच काम, पगार कमी, पण तो १२ महिन्यांवर समान वाटून मिळतो. माझ्या मैत्रिणीने मुलगा ५ वर्षांचा असताना घेतला, अजून तिथेच आहे. मी वॉर्डातच राहिले, कारण मला मीटिंगा झेपत नाहीत.

---

कडूलिंब | १० मार्च, रात्री ११:१५

राणीताई, आपल्या मनाने काहीही द्यायचं नाही, पॅरासिटामॉलही नाही. शाळेने ठरवलेल्या डॉक्टरांकडून कायमस्वरूपी लेखी आदेश घ्यायचा: कुठलं औषध, कशासाठी, वजनाप्रमाणे किती, दिवसातून किती वेळा. आणि प्रवेशाच्या वेळी पालकांचं संमतिपत्र. 'सकाळी घरी काही दिलं का' हे फोन करून विचारल्याशिवाय तापाचं औषध नाही, कारण आया सकाळी औषध पाजून शाळेत पाठवतात. सगळ्या पाठवतात. मीही पाठवलंय.

टाइप वन मधुमेहाचं मूल असेल तर आई-वडिलांना बोलावून अर्धा तास बस. साखर ७० च्या खाली गेली तर ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. वर्गशिक्षिकेला सांगून ठेव की त्या मुलाला कधीच एकट्याला मेडिकल रूमकडे पाठवायचं नाही, जिन्यात पडेल. दम्याच्या मुलाचा पंप दप्तरात असतो आणि दप्तर वर्गात, म्हणून एक पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) तुझ्या कपाटात. कायमचा दात मुळासकट पडला तर मूळ न चोळता कँटीनच्या दुधात टाकायचा आणि तासाभरात डेंटिस्ट. दुधाचा दात असेल तर परत बसवायच्या फंदात पडायचं नाही. हे सगळं तुला चार दिवसांत येईल.

जे चार दिवसांत येत नाही ते सांगते. एक मुलगी आठवड्यातून तीनदा पोटदुखी घेऊन यायची. पोट मऊ, ताप नाही, भूक बरी. वेळ मात्र ठरलेली, शाळा सुटायच्या अर्धा तास आधी. तिला घरी जायचं नव्हतं. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं, कारण मी तिच्या वहीला कव्हर घालत बसले होते आणि तिच्याकडे बघत नव्हते. मुलं बघणाऱ्या डोळ्यांसमोर बोलत नाहीत.

अशा वेळी पॉक्सो कायद्याचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) १९वं कलम पाठ हवं. नुसता संशय असला तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक, न कळवणं हा २१व्या कलमाखाली गुन्हा. 'आधी आपण ट्रस्टींशी बोलू', 'शाळेचं नाव खराब होईल' हे ऐकायला मिळेल. मला मिळालं. मी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावला आणि नंतर प्राचार्यांना सांगितलं, उलट क्रमाने नाही. त्यानंतर माझा करार वाढवला नाही. कारण वेगळं लिहिलं होतं. मुलगी आजीकडे राहते, आता नववीत असेल.

हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. इनचार्ज सिस्टरांना सांग, पट्ट्या बांधायलाच चाललेय.

---

डोंगरची_एएनएम | ११ मार्च, पहाटे ५:५०

गाडी यायच्या आत लिहिते. मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीममध्ये, पालघर जिल्ह्यात. २०१३ च्या फेब्रुवारीत ह्या कार्यक्रमाची देशातली सुरुवात पालघरलाच झाली, तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. टीममध्ये दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट आणि एक मी. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर अशा चार गटांत ३० प्रकारचे दोष शोधायचे.

तुमच्या धाग्यात सगळ्या शाळांना मेडिकल रूम आहे म्हणून हे सांगावंसं वाटलं. माझ्या हद्दीतल्या झेडपीच्या शाळांना आम्हीच नर्स, वर्षातून एक दिवस. बाकीचे दिवस गुरुजी. जंतनाशक दिनाच्या अल्बेंडाझोलच्या गोळ्या गुरुजी देतात, सोमवारच्या लोहाच्या गोळ्याही तेच, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. उपाशी पोटी दिली की मळमळतं, मग पुढच्या सोमवारी अर्धा वर्ग गैरहजर. जेवणानंतर द्या एवढं सांगायला मी पाच शाळांत पाच वेळा गेलेय.

गेल्या वर्षी दुसरीतल्या एका मुलाच्या छातीला आमच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि मला खुणेने जवळ बोलावलं. हृदयाला छिद्र. मुंबईत ऑपरेशन झालं, घरच्यांचा एक रुपया गेला नाही. आई म्हणाली, 'तो पळत नाही म्हणून आम्ही त्याला आळशी म्हणायचो.'

नोकरी कराराची. दर ११ महिन्यांनी नवा कागद, आणि तो येईपर्यंत झोप नाही. पण नाईट नाही, रविवारी सुट्टी, संध्याकाळी ६ ला घरी. माझी दोन्ही मुलं ह्यात वाढली. रस्ते वाईट आहेत ते वेगळं.

---

सरकारी_किडा | ११ मार्च, सकाळी ९:४०

जवाहर नवोदय विद्यालयात स्टाफ नर्सचं कायम पद असतं. सातवा वेतन स्तर, मूळ पगार ४४,९०० पासून. अलीकडच्या जाहिरातींत बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतर करायची पदवी) मागतात, नुसतं जीएनएम चालत नाही. केंद्रीय विद्यालयात नर्स घेतात, पण कंत्राटी. त्यांच्या थेट मुलाखती नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर होतात.

---

डोंगरची_एएनएम | ११ मार्च, रात्री ८:१५

नवोदय निवासी आहे हो किडासाहेब. क्वार्टर मिळतं ते खरं, पण ५००-५५० मुलं रात्रीही तिथेच असतात. पावसाळ्यात तापाची साथ आली की रात्री दोन वाजता दार वाजतं. ताईंना नाईटपासूनच तर सुटायचंय.

---

रातराणी_७ | १९ मार्च, दुपारी १:००

मुलाखत झाली. तुम्हा सगळ्यांचे प्रश्न वहीत लिहून नेले होते. प्राचार्या वही बघून हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

मेडिकल रूम चांगली आहे. दोन बेड, बेसिन, खिडकी. ऑक्सिजन सिलिंडर आहे, पण त्याची चावी सापडत नव्हती. शिपायाने शोधून आणली, उघडला तर रिकामा. अ‍ॅड्रिनलिन नाही. कपाटात २०२२ मध्ये मुदत संपलेलं खोकल्याचं औषध आणि कापूस, भरपूर कापूस. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, लेखी आदेश कोणी कधी मागितलेच नव्हते.

मी रजेवर असेन तेव्हा कोण, असं विचारलं. "पी.टी.चे सर बघतात." सरांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण? "ते खेळाडू आहेत ना."

पगार १२ महिन्यांचा, पीएफ आहे. पहिलं वर्ष करार, नंतर कायम करू म्हणाल्या, तेही लिहून मागितलंय. फीची सवलत दोघांना द्यायला तयार झाल्या. २४ चे २६ केले. बसवर जाणार नाही हे मी आधीच सांगून टाकलं. कडूलिंबताई, तुमच्यामुळे मी पहिल्या दिवसाआधीच ताठ झाले.

---

हिशोबी | १९ मार्च, दुपारी १:३०

२६ आणि दोघांना सवलत? धाकट्याची फी सुरू झाली की फरक जवळपास मिटला. घ्या.

---

स्पष्टच_बोलतो | १९ मार्च, दुपारी ३:१५

रिकामा सिलिंडर असलेल्या ठिकाणी काही झालं तर नाव नर्सचं येईल, प्राचार्यांचं नाही. सामान आणि आदेश आधी, रुजू नंतर. बाकी पगार वाढवून घेतलात त्याबद्दल टोपी काढली.

---

कडूलिंब | १९ मार्च, रात्री ९:५०

ह्या वेळी स्पष्टच_बोलतोंशी सहमत. सामानाची यादी ईमेलने पाठव, म्हणजे तारीख राहते. आणि परत यायचा प्रश्न तू पहिल्या दिवशी विचारला होतास, तो राहूनच गेला. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी जिवंत ठेव, दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी सीएनईचे (नर्सेसच्या चालू प्रशिक्षणाचे) तास लागतात. हॉस्पिटलमध्ये ते बसल्या जागी मिळतात, शाळेत स्वतः जाऊन मिळवावे लागतात. बीएलएस (जीव वाचवायच्या प्राथमिक उपचारांचं प्रशिक्षण) दर २ वर्षांनी. मी ६ वर्षांनी परत गेले तेव्हा आयसीयूने नाही घेतलं, बालरोग ओपीडीने घेतलं, पगार माझ्या ज्युनिअरपेक्षा कमी. हे गोड करून सांगत नाही. पोस्ट बेसिक बीएस्सी करून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

---

रातराणी_७ | २१ जून, संध्याकाळी ५:२०

धागा वर काढतेय, रागावू नका. एप्रिलमध्ये राजीनामा दिला, ग्रॅच्युइटी मागून घेतली (हिशोबी, ८१ हजार आले, तुमचा आकडा थोडा चुकला). जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रुजू झाले. सिलिंडर भरून आला, अ‍ॅड्रिनलिन आलं, डॉक्टरांनी आदेशावर सही केली, पण चार पानांपैकी तीनच पानांवर. चौथ्यासाठी मागे लागलेय.

पहिल्या दिवशी रजिस्टरमध्ये ४३ नोंदी. त्यात ३ माझ्या लेकीच्या. तक्रार: "पोट", "दुसरं पोट", "बघायला आले".

फ्रिजवरचं वेळापत्रक अजून आहे, हिरवी शाई नाही. काकूंना परवा पुरणपोळी नेऊन दिली तर म्हणाल्या, "आता धाकट्याला पाठवणारच नाहीस का गं?" तेव्हा शाळेनंतर तासभर तो तिकडेच असतो, त्यांनीच मागून घेतलाय.

जुलैत वजनं-उंची घ्यायचीय, ११०० मुलं, मी एकटी. कडूलिंबताई, तुमची ती वर्गवार यादी कशी आखली होती? आणि संमतिपत्राचा मराठी मसुदा कोणाकडे आहे का? शाळेचा आहे तो कोणाही आईला कळणार नाही असा आहे.

---

पाटीपेन्सिल | २१ जून, संध्याकाळी ६:०५

वजनं एकटीने घेऊ नका. नववीच्या मुली मदतीला घ्या, एक काटा वाचेल, एक लिहील. पण आकडा मोठ्याने वाचू देऊ नका, सातवी-आठवीत त्यावरून वर्षभर चिडवतात.

---

कडूलिंब | २१ जून, रात्री १०:३०

यादी आणि मसुदा दोन्ही आहे, व्यनि (खाजगी निरोप) बघ. यादी आडनावाने लावू नकोस, पहिल्या नावाने लाव. घाबरलेले मित्र 'आर्यन पडला' म्हणतात, कुलकर्णी पडला असं कोणी म्हणत नाही. आणि आर्यन प्रत्येक वर्गात दोन असतात, म्हणून तुकडी ठळक.